लघुपटाचं नाव ट्राजनमध्ये लिहिलं आणि हसं झालं. अक्षर निवडतात कसं?

सायली_संकलक

अकरा मिनिटांचा एक लघुपट संकलित करतेय. दिग्दर्शिका माझी मैत्रीण. पैसे दोघींकडेही नाहीत, त्यामुळे संकलन, ध्वनी, सबटायटल्स आणि आता टायटल्सही माझ्याच गळ्यात. गोष्ट इतकीच: वडील गेल्यावर दोन बहिणी त्यांची खोली रिकामी करायला येतात. खोकी भरतात, एका रेडिओवरून भांडतात, दार ओढून घेतात. नाव 'शिल्लक'.

महोत्सवांना पाठवायचा म्हणून नाव आधी रोमन लिपीत आणि खाली देवनागरीत ठेवलं. रोमनसाठी ट्राजन नावाचा फॉन्ट घेतला. का, तर तो लावल्याबरोबर माझं काम 'सिनेमा' वाटायला लागलं. तोवर ते सुट्टीत काढलेल्या व्हिडिओसारखं दिसत होतं. परवा एका मित्राला दाखवलं. काळ्या पडद्यावर नाव उमटलं, आणि बहिणींनी दार उघडायच्या आत तो म्हणाला, "कोण सम्राट वारलाय?"

राग आला. पण तेव्हापासून ते नाव मलाही तसंच दिसतंय.

तर प्रश्न असा. चार अक्षरांच्या वळणावरून बघणाऱ्याला एवढं सगळं कळतं कसं? 'स्ट्रेंजर थिंग्ज'ची लाल अक्षरं अर्धी झाकली तरी ओळखू येतात. ते त्या अक्षरांत असतं, की मालिका आधीच आपल्या डोक्यात असते म्हणून? आणि माझ्यासारखीने निवडायचं कसं? फॉन्टच्या यादीत दोन रात्री गेल्या, आता सगळेच भाऊ-भाऊ दिसतात.

तिसरी_घंटा

गोष्ट धरून ठेवत असेल तर नाव कशात लिहिलंय हे तिसऱ्या मिनिटाला कोणाच्या लक्षात नसतं. एरियल लावा, पुढे चला. त्या दोन रात्री ध्वनीवर घालवल्या असत्यात तर जास्त उपयोग झाला असता.

खिळेजुळारी

ध्वनीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. बाकीचं नाही.

सायलीताई, तुमचा मित्र चेष्टा करत होता, पण बाण नेमका लागलाय. ट्राजन हा फॉन्ट कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी ॲडोबीसाठी १९८९ साली केला. आधार कशाचा, तर रोममधल्या ट्राजन सम्राटाच्या स्तंभावर कोरलेल्या लेखाचा. स्तंभ इसवी सन ११३ चा, डेशियावरच्या विजयाचं स्मारक. लेख चौथऱ्यावर, दाराच्या वरच्या बाजूला आहे, आणि त्याच चौथऱ्याच्या आत पुढे ट्राजनच्या अस्थी ठेवल्या गेल्या. म्हणजे 'कोण सम्राट वारलाय' याचं उत्तर त्या अक्षरांच्या खालीच होतं.

(थोडं अवांतर, पण राहवत नाही. एडवर्ड कॅटिच नावाचे एक पाद्री होते, सुलेखनकार. ही अक्षरं आधी चपट्या कुंचल्याने दगडावर रंगवली आणि मग छिन्नीने कोरली, असं त्यांनी १९६८ च्या पुस्तकात मांडलं. अक्षराच्या टोकाला जे पाऊल असतं, ज्याला आपण सेरिफ म्हणतो, ते कुंचला उचलताना दिलेल्या वळणातून आलं असं त्यांचं म्हणणं. ते वाचल्यापासून मला ट्राजन दगडी वाटत नाही, ओला वाटतो.)

मी सतरा वर्षं टायटल्स, श्रेयनामावली आणि सबटायटल्स करतोय. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणून हे टोपणनाव. एवढ्या वर्षांत माझं मत असं झालंय की अक्षराला स्वतःचा स्वभाव थोडा आणि संगत फार. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ट्राजन 'अपोलो १३'च्या पोस्टरवर दिसला १९९५ मध्ये, 'टायटॅनिक'च्या पोस्टरवर १९९७ मध्ये. मोठा इतिहास, मोठी बोट, मोठं दुःख. त्यात रोमन कोरीव लेखांमध्ये लहान अक्षरं नव्हतीच, म्हणून फॉन्टही निव्वळ कॅपिटलचा, आणि पोस्टरवर नाव तसंही कॅपिटलमध्येच लिहितात. मग ज्याला ज्याला आपला सिनेमा भारी दिसावा असं वाटलं त्याने तो लावला. महाग दिसण्याचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग झाला. पुढे तो इतक्या फुटकळ भयपटांवर चढला की आता तो बघून भव्यता आठवते आणि भव्यतेची नक्कलही आठवते. तुम्हाला जे 'सिनेमा वाटायला लागलं' ते हेच. दुसऱ्यांच्या सिनेमांची आठवण होती ती, तुमचा नव्हता तो.

आता 'स्ट्रेंजर थिंग्ज'. ते अक्षर आयटीसी बेंग्विएट, एड बेंग्विएट यांनी केलेलं, १९७७ चं. मालिका आली २०१६ मध्ये. मधली चाळीसेक वर्षं ते अक्षर कुठे होतं? विशेषतः ऐंशीच्या दशकात, खिशात मावणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर. 'पुढे काय करायचं ते तुम्हीच ठरवा' छापाची मुलांची पुस्तकं असायची, त्यांच्यावरही. मालिकेच्या डफर बंधूंनी टायटल्स करणाऱ्या इमॅजिनरी फोर्सेस या कंपनीला जुन्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठंच नमुना म्हणून पाठवली होती. म्हणजे बघणाऱ्याच्या डोक्यात मालिका नव्हती, पण पुस्तकांचं कपाट होतं. ज्याने ती पुस्तकं पाहिलेली नाहीत त्याला ते नुसतं जुनं वाटलं असेल. तरीही चाललं, कारण पडद्यावर अक्षरं आधी इतक्या जवळून येतात की ती अक्षरं आहेत हेच कळत नाही. लाल कडा सरकतात, एकमेकींना चुकवतात आणि शेवटी कुलूप बसावं तशी जुळतात. 'स्ट्रेंजर'मधला पहिला एस आणि शेवटचा आर मोठे, खाली उतरलेले, दाराच्या दोन चौकटींसारखे. टायटल्ससाठीचा २०१७ चा एमी पुरस्कार, म्हणजे अमेरिकी टीव्हीचा मोठा पुरस्कार, याच कामाला मिळाला.

उलट उदाहरण 'अवतार'. २००९ चा, जगातल्या महागड्या सिनेमांपैकी एक, आणि नावाचं अक्षर पपायरसवरून घेतलेलं. वर सबटायटल्सही पपायरसमध्ये. तो फॉन्ट ख्रिस कॉस्टेलो यांनी तेविसाव्या वर्षी हाताने काढला आणि लेट्रासेटने १९८३ मध्ये बाजारात आणला. अक्षर वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण तो घरोघरच्या संगणकांत आयता येत असे, त्यामुळे योगवर्गाची पाटी, लग्नपत्रिका, साबणाचं वेष्टन, सगळीकडे तोच. परग्रह दाखवायला निघाले आणि पाटीवर साबणाचं अक्षर! २०१७ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी विनोदी कार्यक्रमात नट रायन गॉसलिंगने यावर अख्खं प्रहसन केलं, एक माणूस त्या फॉन्टपायी झोप उडून वेडापिसा झालेला. 'अवतार'च्या पुढच्या भागाला मग नवं अक्षर करून घेतलं गेलं.

घंटासाहेब, एरियललाही संगत आहेच. ती कार्यालयीन परिपत्रकाची.

निळा_प्रकाश

खिळेजुळारी, वाचायला मजा आली, पण सगळं संगतीवर ढकलणं पटत नाही. आकारालाही काही म्हणायचं असतं.

युरोस्टाइल घ्या. आल्दो नोव्हारेझे यांनी इटलीतल्या नेबिओलो या छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठी १९६२ मध्ये केला. त्याचा ओ गोल नाही, कोपरे घासलेला चौकोन आहे, त्या काळच्या टीव्हीच्या काचेसारखा. '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये (१९६८) हॅल या यानातल्या संगणकाच्या पडद्यांवर तोच, जाड आणि रुंद. तेव्हापासून अंतराळयानाच्या दारावर काही लिहायचं म्हटलं की हात तिकडेच जातो. पण पहिल्यांदा तो का निवडला गेला असेल? तेव्हा तर संगत नव्हती. तो आकारच यंत्राचा आहे, म्हणून.

आणि गतीचं काय? 'एलियन'च्या (१९७९) सुरुवातीला वर रेघा एकेक करून उमटतात. आडव्या, उभ्या, तिरक्या, सावकाश. बराच वेळ ते अक्षर आहे की कसली खूण, काही कळत नाही. नाव वाचता येईपर्यंत पोटात गोळा आलेला असतो. त्यातला फॉन्ट कुठला हे मला माहीत नसताना मी घाबरलो होतो. तिथे कोणती आठवण होती?

खिळेजुळारी

'एलियन'पुढे मी हात टेकतो. ते रिचर्ड आणि रॉबर्ट ग्रीनबर्ग या भावांच्या कंपनीचं काम. खरं तर तुम्ही माझ्याच हातात आणखी एक दुवा दिलात. याच कंपनीत पुढे काइल कूपर होते. 'सेव्हन'ची (१९९५) टायटल्स त्यांचीच, ती हाताने ओरबाडलेली, थरथरणारी अक्षरं, जणू सिनेमातल्या वह्या लिहिणाऱ्या खुन्यानेच श्रेयनामावलीही लिहिली असावी. १९९६ मध्ये कूपर यांनी दोघांसह कंपनी काढली, इमॅजिनरी फोर्सेस. आणि तिनेच वीस वर्षांनी 'स्ट्रेंजर थिंग्ज' केलं, डफर बंधूंना ग्रीनबर्ग यांच्या जुन्या टायटल्ससारखं काही हवं होतं म्हणून. घराणंच म्हणा ना.

युरोस्टाइलचं अर्धं मान्य. पण अंतराळाचा सगळ्यात गाजलेला मजकूर बघा. 'स्टार वॉर्स'चा (१९७७) तो वर वर जाणारा पिवळा मजकूर न्यूज गॉथिकमध्ये आहे. मॉरिस फुलर बेंटन यांचा, १९०८ चा! त्यात यंत्र नाही, यान नाही. नावाप्रमाणे बातमीचं अक्षर. डॅन पेरी यांनी ती मांडणी सुचवली ती १९३९ च्या 'युनियन पॅसिफिक' या रेल्वेच्या सिनेमावरून, त्यात श्रेयनामावली रुळांवरून दूर जाते. आणि दिग्दर्शक ल्युकसना हवी होती लहानपणीच्या साप्ताहिक चित्रमालिकांची सय. मजकूर खरोखर छापून, साधारण दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब फलकावर ठेवून, त्यावरून कॅमेरा चालवला. जुनं अक्षर, जुनी युक्ती. म्हणून 'फार फार पूर्वी' खरं वाटतं. युरोस्टाइल लावला असता तर ती भविष्याची गोष्ट झाली असती.

शिवाय संगत दरवेळी उसनीच घ्यावी लागते असं नाही, हट्टाने तयारही करता येते. दिग्दर्शक वुडी ॲलन यांनी १९७७ च्या 'ॲनी हॉल'पासून जवळजवळ प्रत्येक सिनेमाला काळ्यावर पांढरं, विंडसर नावाचं जुनं मवाळ अक्षर लावलं. विंडसर मुळात जाहिरातीचं अक्षर, पण आज ते दिसलं की सिनेमाप्रेमी माणसाला मागे जॅझ ऐकू येतं. वेस अँडरसन यांचं फ्युचुराशी असंच. 'द रॉयल टेनेनबॉम्स'मध्ये (२००१) ते टायटल्सपुरतं राहत नाही, फ्रेममधली पुस्तकं, पाट्या, बस, सगळं त्यातच.

सायलीताई, हे तुमच्यासाठी. यादी बंद करा. तुमच्या अकरा मिनिटांत पडद्यावर कुठे काही लिहिलेलं दिसतं का? रेडिओवरचं नाव, औषधाची चिठ्ठी, वहीचं कव्हर, काहीही. आधी तिथे बघा. ते अक्षर तुमच्या गोष्टीत आधीपासून राहतंय.

पडदा_मावेना

मालिका छोट्या पडद्यावर बघणाऱ्यांचा एक मुद्दा. हल्ली टायटल्स 'वगळा' दाबून वगळतात, आणि नाव बघितलं जातं ते नखाएवढ्या चित्रात, शंभर दुसऱ्या नावांशेजारी. 'ब्रेकिंग बॅड'चं हिरवं काम तिथेही टिकतं, कारण नावातली दोन आद्याक्षरं आवर्तसारणीतल्या चौकटी आहेत, ब्रोमिन ३५ आणि बेरियम ५६. नायक रसायनाचा मास्तर आहे, हे दोन चौकोनांत सांगून झालं. बारीक टोकांची नाजूक अक्षरं तिथे नुसती विरघळतात. नाव पोस्टरवर बघताना फोनही हाताच्या अंतरावर धरून बघा.

सायली_संकलक

सगळ्यांचे आभार. काल रात्री संपूर्ण लघुपट फ्रेम-फ्रेम बघितला. दोन शोध लागले.

पहिला, खाली जे देवनागरी होतं ते मी नीट बघितलंच नव्हतं. सगळी हुशारी रोमनवर खर्च केली आणि खाली संगणकात होता तो फॉन्ट टाकला. वर ट्राजनची अक्षरं लांब-लांब पसरली होती, तसंच खाली करायला गेले तर नावाचे तुकडे पडले. का, ते कळलं नाही.

दुसरा शोध पुढच्या प्रतिसादात लिहिते, थोडा लाजिरवाणा आहे.

काना_मात्रा

देवनागरीपुरतं मी बोलतो, माझं रोजचं काम आहे.

तुकडे पडले कारण आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात. रोमन कॅपिटल सुटे खांब, लांब उभे केले की भारदस्त दिसतात. आपल्याकडे अंतर वाढवलं की दोरीच तुटते आणि कपडे खाली. पसरट, शांत रूप हवं असेल तर अक्षरच रुंद काढावं लागतं, किंवा शिरोरेषा मुद्दाम लांबवावी लागते, किंवा सरळ काढून टाकावी लागते. शिवाय आपल्याकडे कॅपिटल नाहीत, त्यामुळे 'मोठ्याने' म्हणायचं तर जाडी आणि आकार एवढंच हाताशी.

आणि तुमच्या नावात नेमकी दोन्ही वादाची अक्षरं आहेत. मराठीचा श देठाचा आणि ल पाकळीचा. बरेच फॉन्ट आपण काही न सांगता हिंदी वळणाचे श आणि ल देतात. मराठी रूपं फॉन्टच्या आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिल्याशिवाय बाहेर येत नाहीत. तुमच्या शीर्षकात श एक आणि ल दोन, म्हणजे साडेतीन अक्षरांतली बहुतेक परक्या वळणाची असणार. वाचणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते सांगता येणार नाही, पण नाव आपल्या घरातलं वाटणार नाही. तेवढंच एक तपासायचं असेल तर हे तपासा.

वेलांटीही बघून घ्या. काही संकलन सॉफ्टवेअरमध्ये ती श च्या आधी यायची ती नंतर येऊन बसते.

सायली_संकलक

तपासलं. तिन्ही हिंदी वळणाची. एवढे महिने मी ते नाव बघतेय आणि मला दिसलं नाही!

आता तो दुसरा शोध. आठव्या मिनिटाला धाकटी बहीण, कोणालाच नको असलेल्या वस्तूंचं खोकं बंद करते आणि त्यावर काळ्या मार्करने लिहिते, 'शिल्लक'. सिनेमाचं नाव तिथूनच आलंय. खिळेजुळारींनी विचारलं तेव्हा पाच मिनिटं मला आठवलंसुद्धा नाही, कारण तो शॉट आम्ही कापायच्या बेतात होतो. अभिनेत्रीने सुरुवात ऐसपैस केली, मग जागा संपली, आणि क खोक्याच्या कडेला चेपून बसला. शिरोरेषा तिने शेवटी एका दमात ओढली, ती चिकटपट्टीवरून पलीकडे गेली आणि चिकटपट्टीवर शाई धरली नाही, त्यामुळे रेघ मध्येच पुसट. श देठाचा आहे, ल पाकळीचे. मार्करला भाषा नेमून द्यावी लागली नाही.

आता तेच अक्षर स्कॅन करून शीर्षक करायचं म्हणतेय. सुरुवातीला नाही, शेवटी, दार ओढल्यानंतर. एकच अडचण. तिने घाईत पहिली वेलांटी दीर्घ काढलीय. 'शील्लक'. म्हणूनच शॉट कापायचा होता. परत चित्रित करता येणार नाही, खोली सोडून दिली.

खिळेजुळारी

कापू नका. हात जोडून सांगतो.

ऱ्हस्व_दीर्घ

शिल्लक. शि ऱ्हस्व. मराठी शब्दांत जोडाक्षराच्या आधीचा इकार सहसा ऱ्हस्व असतो. पडद्यावर वीस फूट मोठी चूक बरी दिसणार नाही. संगणकावर वेलांटी बदलणं दोन मिनिटांचं काम आहे.

खिळेजुळारी

'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'ची (१९६४) टायटल्स पाब्लो फेरो यांनी हाताने काढली. उंच, किडकिडीत, पडदाभर पसरलेली अक्षरं, काही नावं मोठी, काही एवढीशी, आणि त्यांच्या फटींतून मागची विमानं दिसत राहतात. त्यानंतर कितीतरी जणांनी ती शैली उचलली. त्यात 'अमुक पुस्तकावर आधारित' अशी ओळ आहे. तिथे 'बेस्ड ऑन' लिहिताना त्यांच्या हातून एक अक्षर राहिलं आणि झालं 'बेस ऑन'. साठ वर्षं तसंच आहे. सायलीताई, ती वेलांटी धाकट्या बहिणीची आहे, ती व्याकरणाच्या पेपरात बसलेली नाही. वेलांटी बदललीत तर उरलेली अक्षरंही खोटी दिसायला लागतील.

तिसरी_घंटा

मी एरियल म्हणालो होतो. मागे घेतो. चिकटपट्टीवर पुसट झालेली शिरोरेषा बघायची आहे, लिंक टाका.

सायली_संकलक

वेलांटी ठेवतेय. दिग्दर्शिकेला फोन केला, ती आधी ओरडली, मग म्हणाली, धाकटी तशीच लिहिणार. वरचं रोमन नाव काढून सबटायटलमध्ये टाकलंय, तिथे ते ऱ्हस्वच आहे.

ऱ्हस्व_दीर्घ

फेरो यांच्याबद्दल आदर आहे. शि ऱ्हस्व.